विकल्प म्हणायचं की पर्याय

विन्या,

परवा तुझ्या ऑफिसात शोकसभा झाली. तुझ्या फोटोला हार घालून साहेब म्हणाले, "इंगळेजी का कोई विकल्प नहीं." सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या आणि मला नेमकं हसू आलं. घाईघाईने रुमाल तोंडाला लावला, तर शेजारच्या बाईंना वाटलं मला रडू आवरत नाहीये. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांना काय सांगणार होतो? हिंदीत विकल्प म्हणजे दुसरी निवड, आणि आपल्या घरच्या मराठीत विकल्प म्हणजे मनात उठलेली शंका. घराला कुलूप लावल्यावर ते पुन्हा पुन्हा ओढून बघणारा तू. गाडीत बसल्यावर परत उतरून बघून येणारा तू. म्हणे विकल्प नाही. तू शेजारी असतास तर मला कोपराने ढोसलं असतंस, आणि आपल्या दोघांनाही उठून बाहेर जावं लागलं असतं.

दमलोय रे. तू गेल्याचा थकवा वेगळा आणि तू मागे ठेवलेल्या कामाचा वेगळा. ओपीडी संपली तरी खुर्चीतून उठावंसं वाटत नाही. तुझ्या जागेवर अजून कुणी आलेलं नाही, पण तुझा प्रस्ताव मात्र टेबलांवरून फिरतो आहे. राज्यातल्या सरकारी दवाखान्यांत संधिवाताची मूळ कंपनीची महागडी इंजेक्शनं थांबवायची आणि जुन्या-नव्या सगळ्या रुग्णांना बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांनी तशीच बनवलेली स्वस्त इंजेक्शनं, द्यायची. त्याला तज्ज्ञ म्हणून माझं मत जोडायचं राहिलं होतं. तू असताना मी ते दिलं नाही, कारण आपलं भांडण मिटलेलं नव्हतं. मग तूच गेलास, आणि माझ्या वाट्याला भांडणाची दोन्ही टोकं आली.

आपली ओळख वहिनींच्या बोटांमुळे झाली. तुझी बायको आधी माझी पेशंट झाली आणि मग तू माझा मित्र. त्यांची बोटं इतकी सुजली होती की लग्नातली अंगठी सदर बाजारातल्या सोनाराकडून कापून घ्यावी लागली होती, आणि ती कापलेली अंगठी शर्टाच्या खिशात घालून तू माझ्यासमोर बसला होतास. मी विचारलं, इंगळे म्हणजे कुठले? तू म्हणालास, अकोल्याचे. मी वर्ध्याचा आहे हे कळल्यावर तू जो सुटलास तो सुटलासच. या हिंदी मुलखातल्या गावात आपली पोरंसुद्धा मराठीत विचारलेल्याचं उत्तर हिंदीत देतात. कुणाला तरी 'काहून बे' म्हणायला मिळालं याचाच तुला आनंद झाला होता. समोर वहिनी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, आणि आपण दोघं खानावळींबद्दल बोलत होतो.

त्यांना इंजेक्शन सुरू केलं तेव्हा ते एकाच कंपनीचं यायचं. दर पंधरवड्याला तू ते घरी स्वतःच्या हाताने टोचायचास. काही महिन्यांनी वहिनी पुन्हा कणीक मळायला लागल्या, आणि ही बातमी तू मला पोळ्यांचा डबा पाठवून कळवलीस. नंतर भेटलास तेव्हा मात्र तुझा चेहरा उतरलेला होता. माझ्या ओपीडीच्या रांगेतून येताना तू बाकीच्यांची बोटं पाहिली होतीस. तू औषधखरेदीच्या खात्यात, फार्मसी शिकलेला माणूस, हे इंजेक्शन दवाखान्यात किती जणांना पुरतं ते तुला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. आपल्या घरी येते, मग यायले काहून नाही, असं तू विचारलंस आणि मी काहीतरी सरकारी उत्तर दिलं. सरकारी नोकर तू होतास, आणि सरकारी उत्तर मी दिलं.

मग बायोसिमिलर आली, आणि तुझ्या डोक्यात तो किडा कायमचा शिरला. तू ते समजावून सांगायचास तेव्हा ऐकत राहावं असं सांगायचास. साध्या गोळीचं औषध म्हणजे साखर, कुठल्याही कारखान्यातली असली तरी साखरच. पण ही इंजेक्शनं जिवंत पेशींकडून बनवून घेतात, म्हणजे ते दही. विरजण लावायचं आणि वाट बघायची. दुसऱ्या घरी, दुसऱ्या विरजणाने लावलेलं दही पहिल्यासारखंच लागतं, पोटात गेल्यावर तेच काम करतं, पण ते कणाकणाने तेच आहे असं कुणी म्हणू शकत नाही. म्हणूनच त्याची जास्त कडक तपासणी होते, फरक पडत नाही हे दाखवावं लागतं, मगच परवानगी मिळते. मी म्हणायचो, दही आंबतंही. तू म्हणायचास, मूळ घरचं आंबत नाही का?

पुढचा घोटाळा मात्र आपल्या दोघांनाच जमण्यासारखा होता. रुग्णांसाठी हिंदीत एक पत्रक काढायचं ठरलं. मसुदा तू लिहिलास, वाचून मी ठीक आहे म्हटलं. त्यात होतं, 'यह दवा मूल दवा का पर्याय है.' मराठी डोक्याने लिहिलं, मराठी डोक्याने तपासलं. पर्याय म्हणजे हे नसेल तर ते, दुसरा मार्ग. छापलेले गठ्ठे जिल्ह्याजिल्ह्यांत रवाना झाले आणि मग तुमच्या ऑफिसातल्या दुबे मॅडमनी भीतभीत विचारलं, की सर, पर्याय तर जल, नीर, पानी यांना म्हणतात ना? हिंदीत पर्याय म्हणजे समानार्थी शब्द. नाव वेगळं, वस्तू तीच. म्हणजे ही तीच दवा आहे असं आपण राज्यभर छापून कळवलं होतं.

डॉक्टर म्हणून माझ्या मते ते खोटं होतं. तू मात्र खुर्चीत मागे रेललास, चष्मा काढलास आणि म्हणालास, "चूक झाली बे, पण बरोबर झाली."

किती भांडलो आपण त्या एका शब्दावर. मी म्हणत होतो, विकल्प लिही, हिंदीत तोच शब्द बरोबर आहे. तू म्हणालास, "विकल्प लिहिलं का लोकायच्या मनात विकल्प येते." मी म्हटलं, तो विकल्प आपला, त्यांचा नाही. तर म्हणालास, त्यांचाही घे, दुसरी निवड म्हटलं का पेशंट विचारेल, पहिली कोणाले देऊन राहिले? हे खरं होतं. नकली, हलकं, सरकारी, हे सगळे शब्द रांगेत आधीच बसलेले होते. आणि ज्याला औषधावर संशय असतो त्याचे सांधे औषध लागू पडत असतानाही दुखतात, हे मी रोज बघत होतो. तरी मी हट्ट सोडला नाही. तीच आहे असं सांगणं म्हणजे पेशंटला फसवणं, असं म्हणून मी तुझ्या टेबलावरची लाडूची डबी बंद करून निघून आलो होतो. डबी बंद काहून केली, असा तुझा संध्याकाळी फोन.

शेवटी दुसऱ्या छपाईत आपण दोन्ही शब्द काढले आणि एक लांबलचक परिच्छेद घातला. त्यात सगळं खरं होतं आणि तो कुणीही वाचला नाही. दवाखान्याबाहेरच्या गाड्यावर त्यात भजी बांधून मिळायची. तेव्हा तू दर गुरुवारी अर्धी रजा टाकून माझ्या ओपीडीच्या बाकावर येऊन बसायला लागलास. पेशंटच्या शेजारी बसायचं, गाव विचारायचं, पारा म्हणजे मोहल्ला विचारायचा, मग सावकाश दह्याची गोष्ट. शेवटी प्रत्येकाला एकच प्रश्न, घ्यायचं का? कुणी नाही म्हटलं तर उठून पाणी प्यायचास आणि पुन्हा त्याच्याच शेजारी जाऊन बसायचास. मी आतून बघायचो. खरं सांगू, तुझा हेवा वाटायचा. माझ्याकडे प्रत्येकासाठी तेवढा वेळ कधीच नव्हता.

सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यातला रामखिलावन तुझ्याच बाकावरून आत आला. तरुण माणूस, कण्याच्या संधिवाताने पाठीची फळी झालेली. मागे बघायचं तर सगळं शरीर वळवावं लागायचं. मूळ इंजेक्शनच्या यादीत त्याचा नंबर कधी लागलाच नसता. बायोसिमिलर सुरू केलं, आणि पुढच्या हिवाळ्यात एका गुरुवारी माझ्या हातून पेन खाली पडलं तर त्याने ते वाकून उचलून दिलं. दिलं आणि स्वतःच बघत राहिला. मी तुला बाहेरून हाक मारून आत घेतलं. तू त्याला चेष्टेत विचारलंस की असली हवं होतं का रे? तो म्हणाला, "मोला का पता साहब, असली कोन आय. मोर बर तो इही असली आय." माझ्यासाठी हेच असली. तू त्याला पेन पुन्हा खाली टाकून उचलायला लावलंस. दोनदा. त्यानंतर नव्या पेशंटना बायोसिमिलर द्यायला मी कधी कां-कूं केली नाही, हे तुला माहीत आहे.

भांडण उरलं ते जुन्यांचं. जे मूळ औषधावर बरे आहेत, चालतेफिरते आहेत, त्यांना कशाला हलवायचं, असं माझं म्हणणं. बदलून नुकसान होत नाही असं अभ्यास सांगतात हे मी वाचलं होतं, पण अभ्यास वाचणं वेगळं आणि बऱ्या झालेल्या बाईला समोर बसवून तुमचं औषध बदलतोय म्हणणं वेगळं. तुझं म्हणणं माझ्या घशाखाली उतरायला फार वेळ लागला. तू म्हणायचास, ज्यांची ओळख आहे, ज्यांची सोय आहे, ते सगळे मूळ औषधावर बसून राहणार आणि नवीन गरीब माणूस तेवढा बायोसिमिलरवर. मग त्याने काय समजायचं? आपण कितीही पत्रकं छापली तरी तो खिडकी बघतो, कोणत्या खिडकीवर कोण उभं आहे ते बघतो. दोन खिडक्या ठेवल्या की एक असली आणि एक नकली होणारच.

आणि इथे येऊन मी दरवेळी तुला पेचात धरायचो. मी विचारायचो, मग वहिनी कोणत्या खिडकीवर आहेत?

तू चष्मा काढून पुसायचास. मग म्हणायचास की तिला सांगून पाहिलं, ती तयार होत नाही. तेलीबांध्याच्या तळ्याभोवती आपण शेवटचे फिरलो, तू गेलास त्याच आठवड्यात, तेव्हाही हेच. मी जरा तिखट बोललो. बाहेर पर्याय आणि घरात मूळ, असं काहीतरी. तू चालता चालता थांबलास, तळ्याकडे तोंड करून म्हणालास, "ती आयकतच नाही बे. मी काय करू?" मग कुल्फी खाऊ म्हणालास. मी म्हटलं, साखर वाढलीय तुझी. आपलं शेवटचं बोलणं हे असं, साखरेवर येऊन संपलं.

तेरवी झाली आणि काल वहिनी ओपीडीत आल्या. आज सकाळी मी तुझ्या प्रस्तावावर माझं मत लिहून पाठवलं. हो म्हटलं आहे, जुन्या रुग्णांसकट. एक अट घातली आहे. औषध बदलण्याआधी प्रत्येक रुग्णाला समोर बसवून, तोंडाने, त्याच्या भाषेत विचारायचं. पत्रक देऊन नाही. नाही म्हणाला तर थांबायचं, पुन्हा विचारायचं. तुझ्या ऑफिसातून लगेच फोन आला, की इतका वेळ कुठल्या डॉक्टरकडे आहे? मी म्हटलं, काढावा लागेल. ती अट कुठून आली ते तुला सांगायला म्हणून तर हे लिहितो आहे.

वहिनींना सरळ आत यायला सांगितलं होतं, पण त्या रांगेतून आल्या. बरोबर तुमची केतकी, नोकरीवरून रजा काढून आईपाशी राहिलेली. इंजेक्शनची तारीख टळून गेली होती, कारण टोचणारा गेला होता. वहिनींची बोटं पुन्हा जड व्हायला लागली होती, हे मला त्यांनी पर्सची चेन उघडली त्यावरून कळलं. मी कागद ओढून नेहमीचं औषध लिहायला लागलो तर त्यांनी थांबवलं.

"भाऊजी, इथं सगळ्यायले देता तेच लिवा मले."

केतकी लगेच पुढे झाली. "अंकल, मम्मी का वही वाला लिख दीजिए. मैं मँगवा लूँगी. अभी कुछ चेंज नहीं करना." पोरीचं चुकलं असं मला वाटत नाही. बाप जाऊन महिना झालेला नाही, आणि आईचं काहीतरी बदलतंय एवढंच तिला ऐकू आलं. मीही तिचीच री ओढली. म्हटलं, वहिनी, घाई नाही, आणि तुम्ही तर तयार नव्हता, विन्या सांगायचा मला.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पेन खाली ठेवलं.

"मी? मले तं त्यांनी कधी विचारलंच नाही."

विन्या, मी आधी चिडलो. खरंच चिडलो. इतकी वर्षं मला थापा मारल्यास तू, तळ्याच्या काठावर उभं राहून मारल्यास. मी तुला टोचत राहिलो आणि तू त्या बिचारीच्या नावावर सगळं ढकलत राहिलास. मग वहिनी सांगत गेल्या आणि माझा राग बसत गेला. तू इंजेक्शनचं खोकं स्वतः आणायचास, फ्रिजच्या दारात ठेवायचास, घरात दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाहीस. टोचायच्या आधी चष्मा वर करून तारीख वाचायचास, नाव वाचायचास, पुन्हा वाचायचास. तुझं पत्रक वहिनींनी घरी कधीच वाचलं होतं, तो लांबलचक परिच्छेदसुद्धा. ते वाचणारी एक व्यक्ती निघाली बघ. त्यांना वाटत होतं की आज विचारशील, उद्या विचारशील. अख्ख्या जिल्ह्याला घ्यायचं का विचारत फिरणारा नवरा घरात का विचारत नाही, हे त्यांना कळत नव्हतं. मग त्यांनीही विषय काढला नाही.

मला कळलं. रामखिलावनचं काही बिघडलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं. वहिनींच्या बोटांना काही झालं असतं तर तू जगला नसतास. एवढा साधा हिशोब होता आणि तो तुला माझ्यासमोर मांडायची लाज वाटत होती. अरे, सांगायचं होतंस. मी हसलो असतो, दोन शिव्या घातल्या असत्या, आणि मग तुझ्या बाजूने जरा लवकर उभा राहिलो असतो. माझा तोच तर प्रश्न होता सगळ्या जुन्या पेशंटच्या बाबतीत, जो तुझ्या पोटात होता. आपण एकाच भीतीच्या दोन बाजूंना बसून भांडत होतो.

"भेव लागत होतं का त्यायले?" वहिनींनी विचारलं.

केतकी आईकडे बघत होती. खोटं बोलायला चांगली संधी होती, आणि शोकसभेत मी भरपूर खोटं ऐकून आलो होतो. मी म्हटलं, "हो. तुमच्यापुरतं."

त्यांचे डोळे भरले, पण आवाज नेहमीचाच होता. "मग विचारायचं ना मले. मले कुठं लागत होतं भेव."

मी बाहेरच्या बाकावर तू जे सांगायचास ते सगळं त्यांना पुन्हा सांगितलं, दह्यासकट. तुझ्याइतकं चांगलं जमलं नाही. हे कणाकणाने तेच नाही, पण काम तेच करतं, आणि काही वेगळं वाटलं तर पहिला फोन मला करायचा, असं म्हटलं. मग विचारलं, घ्यायचं का? त्या 'हव' म्हणाल्या, इथल्या बाया होकाराला म्हणतात अगदी तसं. सिस्टर इंजेक्शनचं पेन घेऊन टोचायला पुढे झाल्या तर वहिनींनी ते घ्यायला त्यांच्याकडेच हात पसरला. शिकवून द्या म्हणाल्या, आता माझं मलेच घ्या लागेल.

सिस्टर त्यांना पडद्यामागे घेऊन गेल्या. मी आणि केतकी इकडे उभे. सिस्टरचा आवाज येत होता, दीदी, चमड़ी साफ़ कीजिए, पेन सीधा पकड़िए, अंगूठा ऊपर. मग बराच वेळ काहीच नाही. त्यांचा अंगठा दुखतो, हे मला माहीत होतं. आत जावं असं वाटलं आणि गेलो नाही. केतकीने माझ्या कोटाची बाही धरली होती, लहान असताना धरायची तशी. मग टक् असा आवाज आला, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा टक्, म्हणजे औषध पूर्ण गेलं.

पडद्यामागून वहिनींचा आवाज आला.

"एवढंच?"

एवढंच होतं रे, विन्या. विचारायचं होतंस.